घरी येणारा वस्ताद

हात न टेकता खुर्चीवरून उठता येणे ही गोष्ट तरुणपणी कोणाच्या लक्षातही येत नाही. साठीनंतर तीच गोष्ट माणसाचे स्वातंत्र्य ठरवू लागते. ज्याला स्वतः उठता येते त्याला शौचालयात एकट्याने जाता येते, रात्री तहान लागली तर कोणाला हाक न मारता माठापर्यंत पोहोचता येते, एसटीतून उतरताना दुसऱ्याचा हात शोधावा लागत नाही. हे उठणे जमेनासे झाले की घरातील आणखी एका माणसाचा सारा दिवस त्या उठण्याशी बांधला जातो. जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव, शिरपूर या गावांतील कित्येक घरांचे चित्र आज असे आहे : मुलगा पुण्याला किंवा नाशिकला, सून नोकरीवर किंवा शेताच्या कामात, आणि घरात दोनच वृद्ध, त्यांतील एक दुसऱ्याला उठवणारा.

आजचा आपला विषय आहे वैयक्तिक व्यायाम प्रशिक्षक, म्हणजे नातवंडे ज्याला ‘पर्सनल ट्रेनर’ म्हणतात तो. हे नाव कानी पडताच आरशांच्या भिंती, कर्कश संगीत आणि दंड फुगवणारे तरुण डोळ्यांपुढे येतात आणि ‘हे आपल्यासाठी नाही’ म्हणून ज्येष्ठ मंडळी पान उलटतात. वाचकांनी ते उलटू नये अशी विनंती आहे. पंचविशीच्या तरुणाला प्रशिक्षकाची जेवढी गरज असते, त्याहून किती तरी अधिक गरज पंचाहत्तरीच्या आजीला असते असे आमचे मत आहे, आणि त्यामागे केवळ मत नाही, पुरावाही आहे.

मायेने आलेला अशक्तपणा

आपल्याकडे वडीलधाऱ्यांची सेवा म्हणजे त्यांना काही करू न देणे, असा एक समज खोलवर रुजलेला आहे. ‘आबा, तुम्ही बसा, मी आणतो,’ ‘माय, तू जिना चढू नको,’ ‘आता तुमचे बसून खायचे दिवस.’ या वाक्यांत माया आहे, यात शंका नाही. परंतु शरीराला मायेची भाषा कळत नाही. त्याला कामाचीच भाषा कळते. पन्नाशीनंतर स्नायू दरवर्षी साधारण १ ते २ टक्क्यांनी घटत जातात आणि त्यांतील शक्ती त्याहूनही वेगाने ओसरते. जो स्नायू वापरला जात नाही तो आधी जातो. मांड्यांचे मोठे स्नायू, जे आपल्याला खुर्चीतून आणि जमिनीवरून उचलतात, ते या घसरणीचे पहिले बळी.

२००७ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात धडधाकट ज्येष्ठ स्त्री-पुरुषांना केवळ १० दिवस अंथरुणावर ठेवण्यात आले. तेवढ्या अवधीत त्यांच्या पायांतील सुमारे १ किलो मांस गेले. ही माणसे आजारी नव्हती, हे ध्यानात घ्यावे. आता चिकुनगुन्याच्या तापानंतर किंवा एखाद्या शस्त्रक्रियेनंतर आपल्या घरी काय होते ते पाहा. डॉक्टरांनी सांगितलेली विश्रांती चार दिवसांची असते, घरातील मंडळी ती चार आठवड्यांपर्यंत लांबवतात, आणि मग ‘तापानंतर आजी उभ्याच राहिल्या नाहीत’ असे सर्वांना सांगत फिरतात. ताप तर केव्हाच गेलेला असतो. आजींना उभे राहू न देणारा तो महिनाभराचा पलंग असतो.

यावर काही वाचक म्हणतील, आम्ही तर रोज फिरायला जातो. जळगावला मेहरूण तलावाच्या काठी आणि धुळ्याला पांझरेच्या दोन्ही तीरांवर भल्या पहाटे टोप्या-मफलरींची जी वर्दळ असते ती पाहून कोणालाही समाधान वाटावे. चालणे हृदयाला, साखरेला आणि मनालाही उत्तम आहे, ते सोडू नये. मात्र चालण्याने उठण्याची ताकद येत नाही आणि तोल सुधारतोच असे नाही. केवळ चालण्याने पडणे कमी होते, असा भक्कम पुरावा आजवर मिळालेला नाही. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शनात ६५ वर्षांवरील व्यक्तींसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीबरोबर तोलाचे व ताकदीचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत, असे वेगळे सांगितले आहे. नेमके हेच व्यायाम घरच्या घरी, पुस्तकात किंवा मोबाइलवर पाहून करायला ज्येष्ठ मंडळी घाबरतात, आणि ती भीती अनाठायी नसते.

अमळनेरचे गुणे मास्तर

‘ट्रेनर’ हा शब्द नवा असला तरी त्यामागची रीत खानदेशाला नवी नाही. तालमीत वस्ताद असे. तांबड्या मातीत एका वेळी वीस पोरे घुमत असली तरी कोणाचा उजवा गुडघा कच्चा, कोणाला दम लागतो, कोणी काल रात्री जागरण केले आहे, हे वस्तादाला ठाऊक असे. कोणी किती जोर काढायचे हे पोर ठरवीत नसे, ते वस्तादच ठरवीत.

या परंपरेतील एक फार मोठे नाव खानदेशाशी जोडलेले आहे, याची आठवण आज फारशी कोणाला नाही. जगन्नाथ गणेश गुणे हे १९०७ ते १९१० या काळात बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले. पुढे ते अमळनेरला आले, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या कामात पडले आणि १९१६ साली तेथील नॅशनल कॉलेजचे प्राचार्य झाले. राष्ट्रीय वृत्तीमुळे इंग्रज सरकारने ते कॉलेज १९२० साली बंद पाडले. त्याआधीच, १९१९ मध्ये, नर्मदातीरी मालसर येथे परमहंस माधवदासजींची आणि त्यांची भेट झाली होती. १९२४ साली याच गुण्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले, तेव्हा जग त्यांना स्वामी कुवलयानंद म्हणून ओळखू लागले.

कुवलयानंदांचे वेगळेपण असे की योगाच्या क्रियांचे शरीरावर काय परिणाम होतात हे त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यंत्रे लावून तपासले. आसन चांगले की वाईट, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने अपुरा होता. कोणाला, किती आणि केव्हा, असा त्यांचा प्रश्न असे. १९२७ साली रक्तदाबाने त्रस्त झालेल्या गांधीजींनी त्यांचा सल्ला घेतला आणि आपल्या प्रकृतीचा तपशील ते पत्रांतून त्यांना कळवीत राहिले. एका माणसाची प्रकृती पाहून त्याच्यापुरता व्यायाम आखणे, त्याचा परिणाम पाहणे आणि त्यानुसार बदल करणे, यालाच आज ‘पर्सनल ट्रेनिंग’ म्हणतात. अमळनेरहून गेलेल्या एका शिक्षकाने ते शंभर वर्षांपूर्वी केलेले आहे.

नव्वदीतील ताकद

म्हातारपणी ताकद वाढते का? १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे या प्रश्नाचे उत्तर मिळाले. वृद्धाश्रमात राहणाऱ्या, सरासरी ९० वर्षे वयाच्या १० जणांना प्रशिक्षकांच्या देखरेखीखाली आठवड्यातून ३ दिवस, ८ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम देण्यात आले. ९ जणांनी ते पुरे केले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दोघांनी काठी सोडली. हातांचा आधार घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठता न येणाऱ्या तिघांपैकी एकाला तसे उठता येऊ लागले. नव्वदीत! त्याच प्रयोगाचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे : व्यायाम थांबवल्यावर ४ आठवड्यांत ताकद जवळजवळ एक तृतीयांश उतरली.

आपल्या विषयाला अधिक जवळचा प्रयोग न्यूझीलंडमधील आहे. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ८० वर्षांवरील २३३ स्त्रिया होत्या. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या घरी पहिल्या २ महिन्यांत फिजिओथेरपिस्ट ४ वेळा गेली, प्रत्येकीला तिच्या ताकदीप्रमाणे तोलाचे व पायांचे व्यायाम शिकवले आणि नंतर फोनवरून विचारपूस होत राहिली. वर्षअखेर या गटात ८८ वेळा पडण्याचे प्रसंग घडले, तर उरलेल्या निम्म्या स्त्रियांत १५२. चार भेटी, बाकी सारे घरच्या घरी. पुढे याच रीतीचे प्रशिक्षण एका परिचारिकेला देण्यात आले आणि तिने घरोघरी जाऊन ते शिकवले, तेव्हाही पडण्याचे प्रमाण घटले. खर्चिक यंत्रे यांत कुठेच नाहीत. २०१९ साली जगभरातील १०८ चाचण्या एकत्र पाहणाऱ्या आढाव्यातही व्यायामाने ज्येष्ठांचे पडणे सुमारे २३ टक्क्यांनी घटते, असा निष्कर्ष निघाला. देखरेखीखाली केलेला व्यायाम आणि एकट्याने केलेला व्यायाम यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांतही तोल व ताकद या दोन्हींत देखरेखीचा व्यायाम सरस ठरलेला आहे.

का बरे? व्यायाम तोच, शरीर तेच. फरक मात्रेचा पडतो. एकटा माणूस दोन चुका करतो. बहुतेक ज्येष्ठ फारच सोपा व्यायाम निवडतात आणि वर्षानुवर्षे तेवढाच करतात. हात वर-खाली, मान डावी-उजवी, संपले. त्याने सांधे मोकळे राहतात, ताकद वाढत नाही. उरलेले काही उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी तीस बैठका मारतात आणि चौथ्या दिवशी गुडघा धरून बसतात. औषधाची मात्रा जशी आपण दुकानदाराला विचारून ठरवीत नाही, तशी व्यायामाची मात्राही अंदाजाने ठरू नये. प्रशिक्षक आज आठ वेळा सांगतो, पुढच्या आठवड्यात दहा, मग खुर्चीवरची उशी काढून घेतो म्हणजे बैठक तेवढीच खाली जाते, मग हातांत पाण्याच्या बाटल्या देतो. हा चढ इतका मंद असतो की शरीराला तो कळतो, भीतीला कळत नाही.

दुसरे कारण साधे आहे. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेसहाला कोणी तरी दारात येणार आहे, हे माहीत असले की माणूस उठून तयार होतो. एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हे येणे स्वतःच एक औषध आहे, असे आमचे निरीक्षण आहे.

पहिल्या दिवशी काय व्हावे

चांगला प्रशिक्षक पहिल्या दिवशी व्यायाम फारसा घेत नाही, तो विचारतो आणि पाहतो. रक्तदाब, मधुमेह, हृदयाचा त्रास, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केव्हा झाली, काचबिंदू आहे का, हर्निया आहे का, गेल्या वर्षात किती वेळा पडलात, कोणत्या गोळ्या चालू आहेत, हे तो लिहून घेतो. न विचारता थेट ‘चला, हात वर’ म्हणणाऱ्याला चहा पाजून निरोप द्यावा.

मग तो खुर्चीची परीक्षा घेतो. ती आपणही घरी घेऊ शकता. सुमारे १७ इंच उंचीची, हात नसलेली, भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी. दोन्ही हात छातीवर आडवे घ्यावेत. घड्याळ लावून ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहता येते ते मोजावे. शेजारी कोणी तरी उभे असलेच पाहिजे. ६५ ते ६९ या वयात पुरुषांना १२ आणि स्त्रियांना ११ पेक्षा कमी वेळा जमले, ७० ते ७४ मध्ये पुरुषांना १२ आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी, ७५ ते ७९ मध्ये पुरुषांना ११ आणि स्त्रियांना १० पेक्षा कमी, ८० ते ८४ मध्ये पुरुषांना १० आणि स्त्रियांना ९ पेक्षा कमी, तर पडण्याचा धोका वाढलेला आहे असे समजतात. हात टेकावेच लागले तर संख्या शून्य धरतात. शून्य आले म्हणून खचून जाण्याचे कारण नाही, सुरुवात कोठून करायची तेवढे त्यावरून कळते. दुसरी परीक्षा : खुर्चीतून उठून ३ मीटर चालावे, वळून परत यावे आणि बसावे. याला १२ सेकंद किंवा त्याहून अधिक लागले तर सावध व्हावे. हे आकडे एका वहीत तारखेसह लिहून ठेवावेत.

पुढच्या भेटींत जे घडते त्याला जिमची गरज नसते. खुर्चीवरून उठणे-बसणे. ओट्याचा कठडा धरून टाचा उचलणे. दोन्ही पावले पुढे-मागे एका रेषेत लावून उभे राहणे, आधी कठडा धरून, मग एका बोटाच्या आधाराने, मग बोट सोडून. जिन्याच्या पहिल्या पायरीवर चढणे-उतरणे. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे जवळपास एक किलोचे वजन, ते घरातच आहे. बाजाराच्या पिशवीत दोन्ही हातांना समान वजन घेऊन अंगणातून दोन फेऱ्या मारणे हा तर फार गुणकारी आणि फार दुर्लक्षित व्यायाम आहे. दम किती लागावा? बोलता यावे, पण गाता येऊ नये. मोटाराच्या पट्ट्यावरची किंवा घड्याळावरची नाडी पाहून चालणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे की रक्तदाबाच्या काही गोळ्या नाडीचा वेग मुद्दाम कमी ठेवतात. तेथे आकडा फसवा ठरतो, बोलण्याची कसोटी फसवीत नाही.

या सर्वांत एक धडा असा आहे की जो बहुतेक घरांत कधीच दिला जात नाही : जमिनीवरून उठण्याचा. पडल्यावर हाड मोडले नसले तरी उठता न आल्यामुळे तासन्तास फरशीवर पडून राहिलेली माणसे असतात. प्रशिक्षक आधी गादीवर, मग सतरंजीवर तो शिकवतो. कुशीवर वळायचे, मग हात-गुडघ्यांवर यायचे, रांगत पलंगापर्यंत किंवा भक्कम खुर्चीपर्यंत जायचे, दोन्ही हात तिच्यावर ठेवायचे, जो पाय बळकट तो पुढे रोवायचा, आणि जोर देऊन वर येऊन बसायचे. दहा वेळा सराव केलेल्या माणसाला हे प्रत्यक्ष प्रसंगी आठवते. मात्र पडल्यानंतर खुब्यात तीव्र वेदना असेल, एक पाय आखूड किंवा बाहेर वळलेला दिसत असेल, तर हा प्रयोग करू नये. हलवाहलव न करता दवाखान्याची गाडी बोलवावी.

काही मर्यादा तोंडपाठ असाव्यात. वजन उचलताना श्वास कोंडू नये, त्याने रक्तदाब एकदम चढतो. हाडे ठिसूळ झालेल्यांनी कमरेतून पूर्ण वाकून पायांचे अंगठे धरण्याचा हट्ट धरू नये, मणके दबण्याची भीती असते. पश्चिमोत्तानासन उत्तम आसन आहे, पण ते सर्वांसाठी नाही. काचबिंदू असलेल्यांनी डोके खाली घेणारी आसने टाळावीत. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी उपाशीपोटी व्यायामाला उभे राहू नये आणि साखर किंवा गूळ हाताशी ठेवावा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, अकस्मात घाम, भोवळ यांपैकी काहीही झाले तर तत्काळ थांबावे आणि डॉक्टरांकडे जावे. खुबा किंवा गुडघा बदललेला असेल, पक्षाघात होऊन गेला असेल, तर आरंभ फिजिओथेरपिस्टकडेच करावा. प्रशिक्षकाचे काम त्यांनी हिरवा कंदील दाखवल्यावर सुरू होते.

उन्हाळ्याविषयी खानदेशातील वाचकांना वेगळे सांगायला नको. वैशाखात पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळी सातच्या आत, तेही घरात, सर्व आटोपावे. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी किती प्यावे हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावे.

आजींची अडचण

पुरुष तयार होतात, आजी तयार होत नाहीत, हा प्रशिक्षकांचा नेहमीचा अनुभव. यात आजींचा दोष नाही. ज्या बाईने उभा जन्म कापूस वेचला, जात्यावर दळले, डोक्यावर हंडे वाहिले, तिला ‘व्यायाम करा’ म्हणणे तिच्या कष्टांची थट्टा वाटते. तिचे म्हणणे खरे आहे. तिच्या शरीराने पन्नास वर्षे जो व्यायाम केला तो कोणत्याही जिमहून भारी होता. पण तो थांबला त्याला आता दहा वर्षे झाली. मुलाच्या फ्लॅटमध्ये ना जाते, ना विहीर, ना शेत. फार तर टीव्हीपुढचा सोफा. तिला सांगावे ते इतकेच की जे काम तुझ्या हातून सुटले त्याची जागा भरायची आहे.

परपुरुषासमोर हात-पाय हलवण्याचा संकोच हाही खरा अडसर आहे आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. शक्य तेथे स्त्री प्रशिक्षक पाहावी. ती न मिळाल्यास सून किंवा लेक समोर बसेल अशी वेळ ठरवावी. लुगडे किंवा साडी नेसूनही खुर्चीचे, टाचांचे, पिशवीचे सारे व्यायाम करता येतात, फक्त निऱ्या पायांत येणार नाहीत इतक्या वर खोचाव्यात. पायांत घट्ट बसणारे, न घसरणारे बूट किंवा पट्ट्याची चप्पल हवी. गुळगुळीत फरशीवर मोजे घालून उभे राहणे म्हणजे स्वतःहून पडण्याला आमंत्रण. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी अनवाणी व्यायाम करूच नये आणि रोज रात्री तळवे पाहावेत.

निवड आणि खर्च

या क्षेत्रात पाटी कोणीही लावू शकतो, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणून चौकशी आपणच करायची. शारीरिक शिक्षण, फिजिओथेरपी किंवा योग यांचे रीतसर शिक्षण झाले आहे का? साठीवरील किती जणांना शिकवले, त्यांपैकी एखाद्याशी बोलता येईल का? कोणी कोसळले तर प्रथमोपचार आणि छाती दाबून देण्याचा जीवरक्षक उपचार येतो का? डॉक्टरांशी बोलायला तयार आहे का? आणि शेवटचा प्रश्न मनात ठेवावा : हा माणूस ऐकून घेतो का? वयाने लहान असलेल्या प्रशिक्षकाने नाना, अण्णा, माय म्हणून हाक मारावी, अहो-जाहो करावे, आणि तरीही ‘अजून दोनदा’ म्हणताना मागे हटू नये. दोन्ही जमणारा सापडला तर त्याला सोडू नये.

जो पहिल्याच आठवड्यात प्रोटीन पावडरचा डबा विकू पाहतो त्याच्यापासून दूर राहावे. प्रथिने हवीतच, त्यांच्याविना व्यायामाचा स्नायू बनत नाही. पण ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, डाळ, दही, ताक, जमत असेल त्यांना अंडी, हे आपल्या ताटातच आहे. ज्वारी आणि उडीद एकत्र दळण्यामागे प्रथिनांचा हिशेब चोख बसतो, तो आपल्या आज्यांनी प्रयोगशाळेविना बसवला होता. अडचण अशी होते की दात गेल्यावर भाकरी सुटते आणि ज्येष्ठ मंडळी चहा-बिस्किटांवर येतात. भाकरी ताकात किंवा डाळीत कुस्करून द्यावी. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. रोज येणारा प्रशिक्षक निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घराला परवडत नाही आणि त्याची गरजही नाही. न्यूझीलंडच्या आजींना चार भेटी पुरल्या. आठवड्यातून दोन भेटी, तीन महिने, मग महिन्यातून एक, असा क्रम पुष्कळ घरांना झेपतो. गल्लीतील तीन-चार जणांनी मिळून एकच प्रशिक्षक ठरवला तर खर्च वाटला जातो आणि गप्पाही होतात. अशा वेळी चारांपेक्षा अधिक जण नसावेत. तसे झाले की वस्तादाची नजर प्रत्येकावर राहत नाही, आणि आपण पैसे त्या नजरेचेच देत असतो.

शेजारी उभे राहणाऱ्यांसाठी

आता सांभाळणाऱ्यांविषयी. प्रशिक्षक आठवड्यातून दोन तास येतो. उरलेले १६६ तास आपले आहेत. त्या तासांत आपण आबांना काखेत धरून उचलत राहिलो, तर प्रशिक्षकाचे काम रोज पुसले जाईल. तो उठवताना कोठे उभा राहतो ते पाहावे. तो समोरून हात ओढत नाही. बाजूला आणि किंचित मागे उभा राहतो, एक हात कमरेजवळ तयार ठेवतो, पण लावत नाही. ‘पुढे सरका, पाय मागे घ्या, छाती पुढे आणा, उठा’ एवढेच म्हणतो आणि मनातल्या मनात दहा आकडे मोजतो. घाईच्या सकाळी ही दहा सेकंदे थांबणे सुनेला किती जड जाते, याची आम्हांला कल्पना आहे. दूध उतू जात असते, मुलांचा डबा राहिलेला असतो. सगळ्या वेळी नाही जमणार. दिवसातून दोन वेळा तरी, चहाच्या आणि जेवणाच्या वेळी, त्यांना स्वतः उठू द्यावे.

दूर राहणाऱ्या मुलांनी फोनवर ‘औषध घेतले का’ याबरोबर ‘आज किती वेळा उठलात’ हेही विचारावे. पैसे पाठवणे सोपे असते, हा प्रश्न विचारणे त्याहून सोपे आहे, आणि तो फारसा कोणी विचारत नाही.

तीन महिन्यांनी खुर्चीची परीक्षा पुन्हा घ्यावी आणि वहीत पहिल्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहावा. त्यापूर्वीच एक उद्दिष्टही लिहिलेले असावे, पण ते किलोत किंवा सेकंदांत नको. कोणाला आखाजीला माहेरच्या ओट्याच्या तीन पायऱ्या कठड्याविना चढायच्या असतील. कोणाला श्रावणात कानबाईच्या रोटांसाठी पंगतीत खाली बसून स्वतः उठायचे असेल. एखादे आजोबा चैत्रात सप्तशृंगीच्या पायऱ्यांचे नाव काढतील, तेव्हा हसू नये. प्रशिक्षकाने ती पायरी मोजून घ्यावी, तेवढ्याच उंचीची पायरी घरात शोधावी आणि पुढच्या मंगळवारी तिच्यापासून आरंभ करावा.